कर्ज, विवाह आणि वारसा : धाराशिव जिल्ह्यातील शेतकरी विधवेची कायदेशीर स्थिती

प्रस्तावना

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्हा मराठवाड्याच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात मोडतो. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी या आठ तालुक्यांतील बहुसंख्य कुटुंबांची उपजीविका शेतीवर अवलंबून आहे. शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भात या जिल्ह्याचे नाव गेली अनेक वर्षे सातत्याने घेतले जाते. या प्रश्नाची चर्चा प्रामुख्याने नापिकी, कर्जबाजारीपणा आणि शासकीय मदत या अंगांनी झाली आहे. मात्र शेतकऱ्याच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीसमोर जे प्रश्न उभे राहतात, ते मूलतः कायद्याचे असतात. नवऱ्याचे कर्ज तिने फेडावयाचे काय? जमीन तिच्या नावावर होईल काय? विवाहाची नोंद नसल्यास तिला पत्नी मानले जाईल काय? पुढे तिने दुसरे लग्न केल्यास मिळालेला हिस्सा परत द्यावा लागेल काय?

या प्रश्नांची उत्तरे कायद्याच्या एकाच ग्रंथात सापडत नाहीत. कर्जाचे उत्तर दिवाणी प्रक्रिया संहितेत, हिश्श्याचे उत्तर उत्तराधिकार कायद्यात, पत्नीपदाचे उत्तर विवाह कायद्यात आणि नोंदीचे उत्तर महसूल संहितेत आहे. विधी महाविद्यालयांतही हे विषय स्वतंत्र प्रश्नपत्रिकांत विभागलेले असतात. विधवेच्या वाट्याला मात्र ते सर्व एकाच दिवशी येतात. प्रस्तुत लेखात या विखुरलेल्या तरतुदी एकत्र मांडून त्यांचा परस्परसंबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

मृत्यूनंतर कर्जाचे काय होते?

बाप मेला तरी कर्ज मरत नाही, ही ग्रामीण भागातील सार्वत्रिक समजूत आहे. कायद्याच्या दृष्टीने ती अर्धीच खरी आहे. कर्ज मृत व्यक्तीच्या मालमत्तेवर राहते. ते वारसाच्या व्यक्तिगत मिळकतीवर येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ५० नुसार, मृत ऋणकोची जी मालमत्ता वैध प्रतिनिधीच्या हाती आली असेल आणि जिची त्याने रीतसर विल्हेवाट लावलेली नसेल, तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी असते. कलम ५२ हेच तत्त्व प्रतिनिधीविरुद्ध झालेल्या हुकूमनाम्यास लावते. नवऱ्यामागे २ लाखांची मालमत्ता व ५ लाखांचे कर्ज राहिले असेल, तर धनकोला उरलेल्या ३ लाखांसाठी विधवेच्या मजुरीवर, तिच्या माहेरच्या दागिन्यांवर किंवा तिच्या स्वतःच्या खात्यावर हात टाकता येत नाही.

प्राचीन हिंदू विधीत पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे धार्मिक कर्तव्य मानले होते. पत्नीवर हे कर्तव्य त्या विधीनेही टाकलेले नव्हते. हिंदू उत्तराधिकार (सुधारणा) अधिनियम, २००५ ने कलम ६ च्या पोटकलम ४ द्वारे ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जांबाबत केवळ धार्मिक कर्तव्याच्या आधारावर मुलगा, नातू वा पणतू यांच्याविरुद्ध वसुली करण्याचा मार्गही बंद केला.

या नियमाला तीन महत्त्वाच्या मर्यादा आहेत. पहिली, जमीन तारण असेल तर तारणाचा बोजा जमिनीबरोबर वारसाकडे जातो. दुसरी, एकत्र कुटुंबाच्या कर्त्याने कुटुंबाच्या गरजेसाठी काढलेल्या कर्जाची जबाबदारी एकत्र मिळकतीवरही येऊ शकते. तिसरी, पत्नीने सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही वा अंगठा केला असेल तर ती स्वतःच ऋणको ठरते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात अन्यथा नमूद नसल्यास, जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. म्हणून वसुलीची नोटीस हाती पडताच प्रथम पाहावयाची गोष्ट म्हणजे ती कोणत्या नात्याने बजावली आहे, वारस म्हणून की जामीनदार म्हणून. या एका शब्दावर जबाबदारीची मर्यादा ठरते.

जप्तीलाही मर्यादा आहेत. संहितेच्या कलम ६० नुसार ऋणको, त्याची पत्नी व मुले यांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी व अंथरूण-पांघरूण आणि धार्मिक रूढीनुसार स्त्रीला अंगावरून उतरविता येत नाहीत असे दागिने जप्त करता येत नाहीत. शेतकऱ्याची अवजारे तसेच उपजीविकेसाठी आवश्यक गुरे व बियाणे यांनाही संरक्षण आहे. खाजगी सावकारीच्या बाबतीत महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ लागू होतो. मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येऊ नये, हे दामदुपटीचे जुने तत्त्व या अधिनियमानेही स्वीकारले आहे. अवैध सावकारीच्या व्यवहारात १५ वर्षांच्या आत बळकावलेली स्थावर मालमत्ता ऋणकोला किंवा त्याच्या वारसाला परत देण्याचा आदेश जिल्हा निबंधक कलम १८ अन्वये देऊ शकतात.

कंपनीचे दिवाळे आणि शेतकऱ्याचे दिवाळे

वारसाच्या मर्यादित जबाबदारीचे हे तत्त्व समजून घेण्यासाठी कंपनी कायद्याशी तुलना उपयुक्त ठरते. कंपनी ही तिच्या भागधारकांहून वेगळी कायदेशीर व्यक्ती असते, हे तत्त्व इंग्लंडमधील सालोमन खटल्यात १८९६ मध्ये दृढ झाले. कंपनी बुडाली तर भागधारकाचे भागभांडवल बुडते. त्याचे घर बुडत नाही. नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ च्या कलम ५३ मध्ये परिसमापनातील वाटपाचा क्रम ठरवून दिला आहे. प्रक्रियेचा खर्च प्रथम भागविला जातो. त्यानंतर कामगारांची २४ महिन्यांची देणी आणि आपले तारण परिसमापनात सोडून देणारे धनको हे समान पातळीवर येतात. पुढे इतर कर्मचाऱ्यांचे १२ महिन्यांचे वेतन, मग बिगरतारणी वित्तीय धनको, मग शासकीय देणी, त्यानंतर उर्वरित देणी आणि अखेरीस भागधारक. भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन व उपदान निधी या वाटपातून वगळलेले आहेत.

शेतकऱ्याच्या मृत्यूनंतर त्याच्या मालमत्तेचेही एका अर्थाने परिसमापनच होते. येथेही धनको आधी आणि वारस शेवटी, हाच क्रम आहे. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ च्या कलम २६ नुसार मृताची कर्जे ही आश्रितांच्या निर्वाहाच्या हक्कावर अग्रक्रम मिळवितात. निर्वाहाचा बोजा मालमत्तेवर आधीच निर्माण झालेला असेल तरच याला अपवाद होतो. मात्र कंपनीच्या परिसमापनात लेखे तपासणारा, दावे मागविणारा आणि क्रमाने वाटप करणारा अधिकारी असतो. शेतकऱ्याच्या घरी असा कोणी येत नाही. ज्याचा तगादा मोठा, तो धनको पहिला, असा तेथील व्यवहार असतो. मर्यादित जबाबदारीचे संरक्षण कायद्याने दोघांनाही दिले आहे. उद्योजकाला ते सांगणारा सल्लागार असतो, विधवेला नसतो.

व्यक्तीच्या दिवाळखोरीसंबंधी २०१६ च्या संहितेत स्वतंत्र भाग आहे. तथापि १ डिसेंबर २०१९ पासून तो केवळ कंपन्यांच्या कर्जास व्यक्तिगत हमी देणाऱ्यांपुरता अमलात आणला गेला. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ललित कुमार जैन प्रकरणात ही अंमलबजावणी वैध ठरविली. सर्वसामान्य ऋणकोसाठी १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियमच राहिला. ५०० रुपयांच्या कर्जापासून अर्ज करण्याची मुभा देणारा आणि ऋणकोच्या मृत्यूनंतरही कार्यवाही चालू ठेवणारा हा कायदा ग्रामीण ऋणकोच्या जवळजवळ गावीही नाही.

साखर कारखान्यांच्या संदर्भात हा विषय जिल्ह्याच्या अधिक निकट येतो. सहकारी कारखाना ही कंपनी नव्हे. तो महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेला असतो आणि कलम १०२ अन्वये त्याचे अवसायन होऊ शकते. ढोकी येथील तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखाना थकीत कर्जामुळे दीर्घकाळ बंद राहिल्याचा आणि पुढे भाडेतत्त्वावर देण्याचा प्रश्न निर्माण झाल्याचा अनुभव जिल्ह्याने घेतला आहे. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ नुसार ऊस गाळपास दिल्यापासून १४ दिवसांत बिल देणे बंधनकारक आहे आणि विलंब झाल्यास वार्षिक १५ टक्के दराने व्याज देय होते. कारखाना अडचणीत आला की बिल थकते, बिल थकले की पीककर्ज थकते आणि संस्थेचे दिवाळे घराच्या दिवाळ्यात रूपांतरित होते. या साखळीतील एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. वारशात केवळ देणी येत नाहीत, येणीही येतात. मृत शेतकऱ्याचे थकलेले ऊसबिल, त्यावरील व्याज, कारखान्याचे व सोसायटीचे भाग, बँकेतील ठेव हे सर्व वारसांचे आहे. अशा येण्यांच्या वसुलीसाठी भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ खालील उत्तराधिकार प्रमाणपत्र उपयोगी पडते. कर्जदाराची विधवा ही अनेकदा एकाच वेळी धनकोही असते.

विधवा कोणाला म्हणावे?

हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम ८ नुसार पुरुष विनामृत्युपत्र मरण पावल्यास वर्ग १ मधील वारस, म्हणजे प्रामुख्याने विधवा, मुलगे, मुली व आई, एकाच वेळी व समान प्रमाणात वारस होतात. परंतु ‘विधवा’ होण्यासाठी विवाह वैध असावा लागतो. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ नुसार पहिला जोडीदार हयात असताना व तो विवाह अस्तित्वात असताना केलेला दुसरा विवाह शून्य असतो. त्यामुळे १९५५ नंतर दुसरेपणावर दिलेली स्त्री, गावाच्या लेखी पत्नी असली तरी, वारसाहक्काच्या दृष्टीने विधवा ठरत नाही.

न्यायालयांनी ‘पत्नी’ या शब्दाचा अर्थ प्रयोजनानुसार कमीअधिक व्यापक केला आहे. भाऊराव लोखंडे वि. महाराष्ट्र राज्य (१९६५) या खटल्यात दुसरा विवाह गांधर्व पद्धतीने झाल्याचे सांगितले गेले होते. आवश्यक विधी किंवा तसा रूढीचा आधार सिद्ध न झाल्याने सर्वोच्च न्यायालयाने द्विभार्याप्रतिबंधाखालील शिक्षा रद्द केली. यमुनाबाई आढाव प्रकरणात (१९८८) शून्य विवाहातील स्त्रीला फौजदारी संहितेखालील पोटगी नाकारली गेली. पुढे बादशाह वि. उर्मिला बादशाह गोडसे (२०१३) या महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणात न्यायालयाने, पहिला विवाह लपविणाऱ्या पुरुषाला स्वतःच्या लबाडीचा लाभ घेता येणार नाही असे मानून दुसऱ्या स्त्रीला पोटगी मंजूर केली. मात्र पोटगीपुरते मिळालेले हे पत्नीपद वारसाहक्कापर्यंत पोहोचत नाही. पोटगी हा जिवंत माणसाविरुद्धचा हक्क आहे. तो माणूस मरण पावताच अशा स्त्रीच्या हाती फारसे काही उरत नाही.

तिच्या मुलांची स्थिती वेगळी आहे. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १६ नुसार शून्य विवाहातील अपत्ये औरस मानली जातात. रेवणसिद्धप्पा वि. मल्लिकार्जुन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या ३ न्यायमूर्तींच्या पीठाने सप्टेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले की अशी अपत्ये जन्माने सहदायाद होत नाहीत. परंतु काल्पनिक वाटणीत पित्याच्या वाट्याला जो हिस्सा येईल, त्यात ती इतर अपत्यांबरोबर वारस ठरतात. आई वारस नाही आणि मुले वारस आहेत, अशा घरात मुलांची नावे सातबारावर चढविणे हाच आईच्याही निवाऱ्याचा मार्ग असतो.

काडीमोड, घटस्फोट आणि परित्यक्ता

विवाह न्यायालयाच्या हुकूमनाम्याने संपतो. वेगळे राहिल्याने संपत नाही. नवऱ्याने टाकलेली, माहेरी १५-२० वर्षे राहिलेली स्त्री ही कायद्याने पत्नीच असते आणि नवऱ्याच्या मृत्यूनंतर विधवा म्हणून वारस होते. न्यायिक विभक्ततेच्या हुकूमनाम्यानेही हे नाते तुटत नाही. याउलट घटस्फोटाचा हुकूमनामा अंतिम झाल्यानंतर नवरा मरण पावल्यास ती वारस राहत नाही. म्हणूनच परस्परसंमतीच्या घटस्फोटात ठरणारी एकरकमी पोटगी ही केवळ निर्वाहाची रक्कम नसून भावी वारसाहक्काचा मोबदलाही असते, ही बाब तडजोडीच्या वेळी लक्षात घेतली जाणे आवश्यक आहे.

ग्रामीण भागातील काडीमोडीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २९(२) ने रूढीनुसार होणारा घटस्फोट मान्य केला आहे. तथापि अशी रूढी प्राचीन, सातत्यपूर्ण व त्या समाजात बंधनकारक असल्याचे सिद्ध करण्याचा भार ती सांगणाऱ्यावर असतो. पंचांसमोर मुद्रांकावर लिहिलेली फारकत ही अशा सिद्धतेची जागा घेऊ शकत नाही. रूढी सिद्ध न झाल्यास पहिला विवाह कायम राहतो आणि त्यानंतर लावलेला पाट किंवा मोहतूर शून्य ठरतो. परिणामी एकच कागद दोन स्त्रियांचे भवितव्य ठरवितो. पहिली पत्नी आपण वारस नाही असे समजून हक्क सोडते आणि दुसरी आपण वारस आहोत असे समजून आयुष्य घालविते.

हिस्सा किती आणि केव्हा?

वारसाहक्क मृत्यूच्या क्षणी उघडतो आणि त्या क्षणी जी स्थिती असेल तीच निर्णायक ठरते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात तत्कालीन उस्मानाबाद व लातूर जिल्ह्यांत एकाच घरातील अनेक व्यक्ती एकाच वेळी दगावल्या. अशा प्रसंगी कोण आधी गेले हे सांगता येत नसेल, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २१ नुसार, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, वयाने लहान व्यक्ती मोठ्या व्यक्तीच्या मागे जिवंत होती असे गृहीत धरले जाते.

वडिलोपार्जित जमिनीत विधवेचा हिस्सा दोन टप्प्यांनी ठरतो. गुरुपाद खंडप्पा मगदूम वि. हिराबाई (१९७८) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मृत्यूपूर्वी वाटणी झाल्याचे मानून विधवेला त्या काल्पनिक वाटणीतील स्वतःचा हिस्सा आणि मृताच्या हिश्श्यातील वारसाचा भाग असे दोन्ही मिळतात. उदाहरणार्थ, पती, पत्नी, एक मुलगा व दोन मुली अशा कुटुंबाकडे १० एकर वडिलोपार्जित जमीन आहे आणि पतीची आई हयात नाही. काल्पनिक वाटणीत पाच जणांना प्रत्येकी २ एकर येतात. पतीचे २ एकर, म्हणजे ८० गुंठे, विधवा व तीन अपत्ये यांत प्रत्येकी २० गुंठे याप्रमाणे विभागले जातात. विधवेचा एकूण हिस्सा २ एकर २० गुंठे होतो. प्रत्यक्षात अशा विधवेला ‘खाण्यापुरती एकरभर’ जमीन तोंडी देऊन वाटणी झाली असे म्हटले जाते.

विवाह ही वारशाची अट म्हणून मुलींच्याही बाबतीत वापरली गेली. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना सहदायाद केले, पण २२ जून १९९४ पूर्वी विवाह झालेल्या मुलींना वगळले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ही अट नाहीशी केली. विनीता शर्मा वि. राकेश शर्मा (११ ऑगस्ट २०२०) या निर्णयाने पिता ९ सप्टेंबर २००५ रोजी हयात असणे आवश्यक नाही, मुलीचा हक्क जन्मसिद्ध आहे, असे ठरविले.

नामनिर्देशनाविषयीही गैरसमज आढळतो. लग्नापूर्वी उघडलेल्या खात्यावर वडिलांचे किंवा भावाचे नाव राहिलेले असते आणि पैसा त्यांचाच, असे मानले जाते. शक्ती येझदानी वि. जयानंद जयंत साळगावकर या मुंबईतून गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये, कंपनीच्या समभागांचा नामनिर्देशित हा मालक होत नाही, उत्तराधिकार कायद्याप्रमाणेच वारस ठरतात, असा निर्णय दिला. आयुर्विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई, वडील, जोडीदार वा अपत्य नामनिर्देशित असल्यास ती रक्कम सामान्यतः त्यांच्याच मालकीची होते, हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे.

पुनर्विवाहाची अट

तरुण विधवेच्या बाबतीत सर्वांत निर्णायक ठरणारा प्रश्न पुनर्विवाहाचा आहे. हिंदू विधवा पुनर्विवाह अधिनियम, १८५६ ने विधवेला विवाहाचा अधिकार दिला, पण त्याच्या कलम २ ने पुनर्विवाहाबरोबर मृत पतीच्या मालमत्तेतील तिचा मर्यादित हक्क काढून घेतला. उस्मानाबाद जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदे तेथे आपोआप लागू होत नसत. तथापि पाट लावणारी स्त्री पहिल्या घराचा हक्क सोडते, ही समजूत पाटाची रूढी असलेल्या समाजांत रुजलेली होती.

१९५६ च्या अधिनियमाच्या कलम १४(१) ने स्त्रीची मर्यादित मालकी संपूर्ण मालकीत बदलली. ज्या क्षणी पती मरण पावला त्या क्षणी विधवा आपल्या हिश्श्याची पूर्ण मालक झाली. नंतरच्या विवाहाने तिची मालकी जाण्याचे कारण उरले नाही. १८५६ चा अधिनियम १९८३ मध्ये निरसित झाला. चेरोट्टे सुगतन वि. चेरोट्टे भारती (२००८) या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने पुनर्विवाहामुळे विधवेचा वारसाहक्क नष्ट होत नाही हे निःसंदिग्धपणे सांगितले.

येथे मालकी आणि निर्वाह यांतील भेद महत्त्वाचा आहे. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाच्या कलम १९ नुसार विधवा सुनेचा सासऱ्याकडून मिळणारा निर्वाह तिच्या पुनर्विवाहाने संपतो. निर्वाहावर पुनर्विवाहाची अट आहे, मालकीवर नाही. सासरच्या मंडळींकडून निर्वाहाचा नियम मालकीला लावला जातो आणि विधवेला त्यातील फरक ठाऊक नसतो. पुनर्विवाहापूर्वी तिच्याकडून हक्कसोडपत्र करून घेण्याच्या प्रथेमागे हीच सरमिसळ आहे. वास्तविक हक्कसोडपत्र मागितले जाते, यातच तिच्याकडे हक्क असल्याची कबुली असते.

जमीन सासऱ्याच्या नावे असेल तर परिस्थिती बदलते. १९५६ च्या अधिनियमाचे कलम २४, वारसा उघडण्यापूर्वी पुनर्विवाह केलेल्या विधवा सुनेला अपात्र ठरवीत असे. २००५ मध्ये ते वगळण्यात आले. तरीही सासऱ्याच्या मृत्यूपूर्वी पुनर्विवाह केलेली स्त्री ही ‘पूर्वमृत मुलाची विधवा’ राहते काय, हा अर्थनिर्णयाचा वाद संभवतो. तिच्या पहिल्या पतीपासूनच्या अपत्यांचा हक्क मात्र आईच्या विवाहाने बाधित होत नाही.

मृत्युपत्रातील अटीचा विचार वेगळा करावा लागतो. ‘पत्नीने हयातीपर्यंत उपभोग घ्यावा, पुनर्विवाह केल्यास मालमत्ता भावांकडे जावी’ अशा स्वरूपाचे मृत्युपत्र असल्यास कलम १४(२) चा प्रश्न येतो. तुळसम्मा वि. शेष रेड्डी (१९७७) या निर्णयाने, निर्वाहाच्या पूर्वापार हक्कापोटी मिळालेली मालमत्ता, दस्तात मर्यादा घातली असली तरी, स्त्रीच्या पूर्ण मालकीची होते असे मानले. त्यानंतरच्या निर्णयांत एकवाक्यता न राहिल्याने सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविण्याचा आदेश दिला.

मुस्लिम विधवेची स्थिती

जिल्ह्यात मुस्लिम लोकसंख्या लक्षणीय असल्याने त्या विधीचा उल्लेख आवश्यक ठरतो. मुस्लिम विधीत अंत्यविधीचा खर्च, कर्जे, मालमत्तेच्या एकतृतीयांशापर्यंतचे मृत्युपत्र आणि त्यानंतर वारस असा क्रम आहे. अपत्ये असल्यास विधवेचा हिस्सा एकअष्टमांश, नसल्यास एकचतुर्थांश असतो. हा हिस्सा लहान असला तरी न दिलेला मेहर हे पतीवरील कर्ज मानले जाते. म्हणजे विधवा ही वारस होण्यापूर्वी धनको असते आणि तिची रक्कम वाटपापूर्वी द्यावी लागते. पतीच्या मालमत्तेचा कायदेशीर ताबा तिला मिळालेला असेल तर मेहर वसूल होईपर्यंत तो राखण्याचा हक्कही मान्य झाला आहे.

कायदा आणि सातबारा

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ नुसार वारसाने हक्क प्राप्त झाल्याची माहिती ३ महिन्यांच्या आत तलाठ्यास (आता ग्राम महसूल अधिकारी) द्यावयाची असते आणि कलम १५० खाली नोटीस व हरकतीनंतर फेरफार मंजूर होतो. फेरफार नोंद ही मालकी निर्माण करीत नाही. ती मालकीची महसुली नोंद असते. तरीही पीककर्ज, पीकविमा, अनुदान, विहिरीची वा वीजजोडणीची परवानगी हे सर्व सातबारावरील नावाशी निगडित असल्याने नोंद नसलेली मालकी व्यवहारात निरुपयोगी ठरते.

महिला किसान अधिकार मंच या संघटनेने २०१८ मध्ये मराठवाडा व विदर्भातील ११ जिल्ह्यांत ५०५ शेतकरी विधवांचे सर्वेक्षण केले. त्यांपैकी ४० टक्के स्त्रियांना त्या कसत असलेल्या जमिनीवरील हक्क तोवर मिळालेला नव्हता. त्यानंतर जून २०१९ मध्ये महसूल विभागाने आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील स्त्रियांच्या वारसनोंदी व अन्य प्रश्नांबाबत शासन निर्णय निर्गमित केला. आत्महत्याग्रस्त कुटुंबास देय असलेली १ लाख रुपयांची मदत मृत्यूनंतर कुटुंबाला दिली जाते. ती मृताच्या मालमत्तेचा भाग मानता येत नाही, म्हणून वारसाच्या जबाबदारीची मोजणी करताना ती धरणे योग्य होणार नाही.

नवरा जिवंत असतानाच पत्नीचे नाव जमिनीवर लावणे हा या समस्येवरील प्रतिबंधक उपाय होय. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखालील शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या चळवळीतून हा विचार गावोगावी नेला आणि १९९२ मध्ये शासनाने सहधारक म्हणून पत्नीचे नाव लावण्याचा निर्णय घेतला. ज्या घरात ही नोंद झाली, तेथे पतीच्या मृत्यूनंतर विधवेला सासरच्या संमतीची वाट पाहावी लागत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

१. मृत शेतकऱ्याच्या कर्जाबाबत विधवेची जबाबदारी तिच्या हाती आलेल्या मालमत्तेपुरतीच मर्यादित आहे. तिने स्वतः सही केलेली जामिनकी मात्र या संरक्षणाच्या बाहेर राहते.

२. वारसाहक्क वैध विवाहावर अवलंबून असतो. म्हणून विवाहाची नोंदणी आणि रूढिगत फारकतीऐवजी न्यायालयीन हुकूमनामा या बाबी औपचारिक नसून मालमत्तेच्या आहेत.

३. पतीच्या मृत्यूच्या क्षणी मिळालेली मालकी पुनर्विवाहाने जात नाही; पुनर्विवाहाने संपतो तो निर्वाहाचा हक्क.

४. कायद्याने दिलेला हिस्सा आणि सातबारावरील नोंद यांत अंतर राहिल्यास देणे विधवेकडे येते आणि जमीन मात्र दुसऱ्याकडे राहते. कायद्याने जबाबदारीची मर्यादा मिळालेल्या मालमत्तेशी बांधली आहे. मालमत्ता न देता वसुली करणे हे त्या तत्त्वाच्या मुळावरच येते.

विधी, समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि वाणिज्य या विभागांतून हे विषय आज स्वतंत्रपणे शिकविले जातात. कंपनीच्या परिसमापनातील वाटपाचा क्रम पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या घरातील मृत्यूनंतरचा क्रमही ठाऊक असावा, ही अपेक्षा वाजवी आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून दत्तक गावात वारसनोंदी तपासणे, वसुलीच्या नोटिसा वाचून दाखविणे आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून देणे ही कामे महाविद्यालयांना विशेष खर्चाविना करता येण्यासारखी आहेत. विधवेच्या बाजूचा कायदा पुष्कळ अंशी तयार आहे. तो तिच्यापर्यंत नोटिशीच्या आधी पोहोचणे हे उरलेले काम आहे.